दहा मायक्रॉनचा वाद : टोकामाकमधली घनता आणि अवरक्त लेझर

फ्रान्सच्या दक्षिणेला उभ्या राहत असलेल्या इटर या अणुसंमीलनाच्या प्रायोगिक भट्टीत, म्हणजे अतितप्त वायू (प्लाझ्मा) चुंबकीय क्षेत्राने कोंडून ठेवणाऱ्या वलयाकार टोकामाक यंत्रात, प्लाझ्माची घनता क्षणाक्षणाला मोजून नियंत्रकाला कळवण्यासाठी जी यंत्रणा आखली आहे, तिचा कणा म्हणजे कार्बन डायऑक्साइड लेझर. तरंगलांबी १०.५९ मायक्रॉन. जोडीला पाच मायक्रॉनच्या आसपासचा दुसरा अवरक्त लेझर. दोन्ही किरण एकाच वाटेने प्लाझ्मात शिरतात, समोरच्या भिंतीतल्या आरशावरून उलट फिरतात आणि आल्या वाटेने परत येतात. अशा पाच वाटा. आराखडा पाहणाऱ्याला यात वादाचे काही दिसणार नाही. धातू कापणाऱ्या कारखान्यांमुळे हा लेझर बाजारात सहज मिळतो, भरवशाचा आहे, त्याचे सुटे भाग मिळतात. मग दुसरे काही कुणी का निवडावे?

पण १९७० आणि १९८०च्या दशकांत उभ्या राहिलेल्या बहुतेक मोठ्या टोकामाकांनी नेमके दुसरेच निवडले होते. त्यांचे लेझर दूर-अवरक्तातले होते : ११९, १९५ किंवा ३३७ मायक्रॉन. दहा मायक्रॉनवर घनता मोजायला जाणे म्हणजे अडचण विकत घेणे, असे तेव्हाचे रूढ मत होते. ते चुकीचे होते असे सरसकट म्हणता येत नाही. ते कोणत्या यंत्रासाठी बरोबर होते आणि कोणत्या यंत्रासाठी नव्हते, हा खरा प्रश्न आहे.

वादाचे मूळ तीन नियमांत आहे. प्लाझ्मातून गेलेल्या किरणाची फेज, म्हणजे लहरीच्या चढउतारातली जागा, किती सरकेल, हे वाटेत भेटलेल्या एकूण इलेक्ट्रॉनांवर अवलंबून असते आणि ते सरकणे तरंगलांबीच्या सम प्रमाणात असते. वाटेतला एखादा आरसा हलला तर त्यामुळेही फेज सरकते, पण ती तरंगलांबीच्या व्यस्त प्रमाणात. तिसरे म्हणजे घनता सगळीकडे सारखी नसल्यामुळे किरण वाकतो, आणि हे वाकणे तरंगलांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पहिले दोन नियम लांब तरंगलांबी मागतात, तिसरा आखूड मागतो.

आकडे घालून पाहिले की ओढाताण लक्षात येते. एका घनमीटरमध्ये एकावर वीस शून्ये इतके इलेक्ट्रॉन असलेला एक मीटर जाडीचा प्लाझ्मा घेऊ. १०.६ मायक्रॉनचा किरण त्यातून गेला तर फेज सुमारे ३ रेडियन सरकते, म्हणजे अर्धी फ्रिंजसुद्धा नाही (एक फ्रिंज म्हणजे फेजची एक पूर्ण फेरी, सुमारे ६.२८ रेडियन). १९५ मायक्रॉनच्या किरणाची फेज जवळजवळ ९ फ्रिंज सरकते. आता किरण परतवणारा आरसा फक्त ५ मायक्रॉन हलला असे समजा. जाण्यायेण्याची वाट १० मायक्रॉनने बदलली. दहा मायक्रॉनवाल्याच्या दृष्टीने ही जवळजवळ पूर्ण एक फ्रिंज झाली, म्हणजे प्लाझ्मातून एकदा जाताना मिळणाऱ्या फेजच्या दुप्पट. १९५वाल्याच्या दृष्टीने फ्रिंजचा विसावा हिस्सा, म्हणजे नगण्य. टोकामाकच्या चुंबकांत विद्युतप्रवाह सोडला की सगळा सांगाडा हलतो, पंप चालू असतात, जमीन थरथरते. अशा ठिकाणी पाच मायक्रॉन म्हणजे काहीच नाही. १९७५ साली एखाद्या प्रयोगशाळेत हा तक्ता फळ्यावर लिहिला गेला असता, तर दहा मायक्रॉनच्या बाजूने हात वर करणारे फार थोडे निघाले असते.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९५०च्या दशकात हे काम मायक्रोवेव्हवर चालत असे, काही मिलिमीटर तरंगलांबीवर. मायक्रोवेव्हची मर्यादा ठरलेली आहे : एका विशिष्ट घनतेपलीकडे लहर प्लाझ्मात शिरतच नाही, परावर्तित होते. २ मिलिमीटरसाठी ही घनता वरच्या उदाहरणाच्या पावणेतीनपट आहे, पण तिथे पोचण्याच्या कितीतरी आधीच लहर इतकी वाकते की मोजमाप निरुपयोगी ठरते. मॉस्कोच्या टी-३ टोकामाकमधली घनता याच पद्धतीने मोजली जाई. १९६८च्या नोव्होसिबिर्स्क परिषदेत टी-३चे निष्कर्ष जाहीर झाले, आणि पुढच्या वर्षी इंग्लंडहून रूबी लेझर घेऊन गेलेल्या पथकाने त्याचे तापमान खरे असल्याचे दाखवले. ही हकिगत सगळ्यांना पाठ आहे. तापमानाच्या वाट्याला ती प्रसिद्धी आली, घनतेच्या वाट्याला रोजची हमाली. रूबी लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशातून घनताही काढता येते, पण तिचे प्रमाण पक्के करण्यासाठी पुढे अनेक ठिकाणी इंटरफेरोमीटरच्या, म्हणजे दोन किरणांची फेज ताडून पाहणाऱ्या उपकरणाच्याच, आकड्याचा आधार घेतला गेला.

लेझरने घनता मोजण्याचा पहिला ठळक प्रयोग १९६३चा, ब्रिटनमधला. युक्ती नामी होती. हीलियम-निऑन लेझरचा किरण प्लाझ्मातून नेऊन पलीकडच्या आरशावरून पुन्हा लेझरमध्येच परत सोडायचा. परतलेला प्रकाश आतल्या प्रकाशाशी जुळला की लेझर उजळतो, विरुद्ध पडला की मंदावतो. वेगळा इंटरफेरोमीटर बांधायचीच गरज नाही. यात ३.३९ मायक्रॉनची अवरक्त रेषा वापरली होती. पुढच्याच वर्षी, १९६४ साली, या गोष्टीतले दोन्ही प्रतिस्पर्धी जन्माला आले : अमेरिकेत कार्बन डायऑक्साइड लेझर आणि इंग्लंडमध्ये ३३७ मायक्रॉनचा हायड्रोजन सायनाइड लेझर.

दूर-अवरक्ताची बाजू बळकट केली ती पॅरिसजवळच्या फॉन्तने-ओ-रोझ इथल्या टीएफआर टोकामाकवरच्या कामाने, १९७०च्या दशकात. नुसता इंटरफेरोमीटर उभारला तर फेज सरकल्याचे कळते, पण घनता वाढली की घटली हे कळत नाही, आणि प्रकाशाची तीव्रता कमी झाली तरी फेज बदलल्याचा भास होतो. त्यावरचा उपाय म्हणजे दोन किरणांच्या वारंवारतेत मुद्दाम थोडा फरक ठेवणे. ३३७ मायक्रॉनवर तो फरक आणायला इलेक्ट्रॉनिक साधन नव्हते. म्हणून काठावर बारीक खाचा पाडलेले धातूचे चाक वेगाने फिरवले आणि एक किरण त्याच्या काठावरून परावर्तित केला. खाचा पळत असल्यामुळे परतणाऱ्या किरणाची वारंवारता किंचित बदलते. दोन्ही किरण शोधकावर एकत्र आले की काही दशक किलोहर्ट्झचा ठोका, म्हणजे दोन वारंवारतांतल्या फरकाइतका चढउतार, मिळतो. प्लाझ्मा आला की हा ठोका संदर्भाच्या ठोक्यापेक्षा पुढे किंवा मागे सरकतो, आणि शून्यापासून शून्यापर्यंतची सरकलेली फेज साध्या डिजिटल गणकाने मोजता येते. फिरत्या चाकाची ही पद्धत पुढे जगभर गेली. इंग्लंडमधल्या जेट या टोकामाकवरही १९५ मायक्रॉनसाठी तेच तत्त्व वापरले गेले, सुमारे १०० किलोहर्ट्झवर.

मग ११९ मायक्रॉन आला. मिथेनॉलच्या वाफेत दुसऱ्या लेझरचा प्रकाश सोडला की ती वाफ ११८.८ मायक्रॉनचा लेझर देते. मॅसॅच्युसेट्समधल्या अल्काटर यंत्रांवर आणि प्रिन्स्टनच्या टीएफटीआरवर हा वापरला गेला. यातली गंमत अशी की मिथेनॉलला चेतवणारा तो दुसरा लेझर म्हणजे कार्बन डायऑक्साइड लेझरच. दहा मायक्रॉनच्या आसपासचा प्रकाश घ्यायचा, त्यातला बहुतेक वाया घालवून ११९ मायक्रॉनचा थोडासा प्रकाश बनवायचा आणि तो प्लाझ्मात पाठवायचा. सरळ तोच का पाठवू नये, हा प्रश्न पडायला फार बुद्धी लागत नाही. उत्तर एकच होते : कंप.

दूर-अवरक्त लेझर सांभाळणे हे वेगळे प्रकरण होते. काही मीटर लांबीच्या काचेच्या नळ्या, आतल्या वायूच्या विसर्जनातून नळीच्या भिंतीवर साचणारा थर, तापमानाच्या किरकोळ बदलाने घसरणारी शक्ती. हवेतली पाण्याची वाफ हा प्रकाश गिळते, म्हणून लेझरपासून यंत्रापर्यंतच्या नळ्यांत कोरडी हवा किंवा नायट्रोजन भरून ठेवायचा. शोधकाला द्रव हीलियम लागे. दहा मायक्रॉनच्या शोधकाचे काम द्रव नायट्रोजनवर भागते, आणि वारंवारतेतला फरक आणायला फिरत्या चाकाऐवजी जर्मेनियमचा छोटा स्फटिक पुरतो, ज्यात ४० मेगाहर्ट्झचा ध्वनी सोडलेला असतो. १०० किलोहर्ट्झ आणि ४० मेगाहर्ट्झ यांतला फरक केवळ सोयीचा नाही. ठोका जितका जलद, तितका फेजमधला झपाट्याने होणारा बदल गणकाला न चुकता पकडता येतो. हा मुद्दा तेव्हाच्या चर्चांत मागे पडला, असे आज मागे वळून बघताना वाटते.

कंपावर जेटने शोधलेला तोडगा भव्य होता. उभ्या किरणांसाठीचे सगळे आरसे टोकामाकला न टेकवता, त्याला वेढून उभ्या असलेल्या एका प्रचंड स्वतंत्र सांगाड्यावर बसवले. टोकामाक हलला तरी सांगाडा हलत नाही. १९५ मायक्रॉनला उरलेसुरले कंप जाणवत नाहीत. पण जेटच्या आठ वाटांपैकी चारच उभ्या होत्या. आडव्या चार वाटांचे आरसे निर्वातपात्राच्या आतल्या भिंतीवर होते, आणि भिंत हलतेच. त्या चार वाटांसाठी शेवटी दुसरी तरंगलांबी, ११८.८ मायक्रॉन, जोडावी लागली. म्हणजे कंप टाळण्यासाठी लांब तरंगलांबी घेतली आणि तरीही कंप वजा करण्याची यंत्रणा बसवावीच लागली. दूर-अवरक्ताच्या बाजूने दिला जाणारा सगळ्यात मोठा युक्तिवाद तिथे अर्धा गळून पडतो.

दुसऱ्या बाजूचा मार्ग कॅलिफोर्नियातल्या सान दिएगोमध्ये डब्लेट-३ यंत्रावर १९७०च्या दशकाच्या अखेरीस चोखाळला गेला आणि त्याच यंत्रातून घडलेल्या डी-थ्री-डी टोकामाकवर १९८०च्या दशकात पक्का झाला. कल्पना अशी : कंप टाळूच नका, मोजा. दहा मायक्रॉनच्या किरणासोबत त्याच वाटेने लाल हीलियम-निऑन लेझरचा ०.६३३ मायक्रॉनचा किरण पाठवा. त्याची तरंगलांबी इतकी आखूड की प्लाझ्मा त्याला जवळजवळ दिसतच नाही. दिसतात ते कंप. दोन समीकरणे, दोन अज्ञात. कंप वजा केले की उरते ती घनता. डी-थ्री-डीवर तीन उभ्या वाटा आणि एक आडवी, आणि वजाबाकी प्रयोग चालू असतानाच, म्हणजे वायूची झडप नियंत्रित करता येईल इतक्या लवकर.

ही वजाबाकी कागदावर वाटते तितकी साधी नाही. आरसा एक मिलिमीटर सरकला तर परतीच्या वाटेत दोन मिलिमीटरचा फरक पडतो. लाल किरणाच्या हिशेबाने त्या ३,१००हून अधिक फ्रिंज झाल्या. त्यातली एकही न चुकवता मोजायची, आणि मग त्यातून प्लाझ्माची जेमतेम एक फ्रिंज काढायची. दोन्ही किरण काटेकोरपणे एकाच वाटेने गेले पाहिजेत. वाटेतल्या भिंगांची आणि खिडक्यांची काच दोन्ही तरंगलांब्यांना चालली पाहिजे, त्यामुळे झिंक सेलेनाइडसारखी महागडी सामग्री लागते. टीकाकारांचे म्हणणे होते की दोन मोठ्या संख्यांच्या वजाबाकीतून लहान संख्या काढणे हे मोजमापशास्त्रात कधीच शहाणपणाचे नसते. नियम म्हणून ते बरोबरच आहे.

मग तरीही ही बाजू वरचढ का ठरली? कारण हरवलेली फ्रिंज.

फेज मोजणारा गणक म्हणजे फक्त मिनिटकाटा असलेले घड्याळ. काटा कुठे आहे हे अचूक कळते, पण किती तास झाले हे फक्त सतत बघत राहूनच कळणार. मध्ये डोळा लागला तर संपले. टोकामाकमध्ये असा डोळा लागण्याचे प्रसंग रोजचे. गोठवलेल्या हायड्रोजनची गोळी प्लाझ्मात झाडली की घनता एक मिलिसेकंदाच्या आत उसळते. काठावरचे स्फोट होतात तेव्हा कडेची घनता क्षणात बदलते आणि किरण बाजूला वाकून शोधकावरून निसटतो. प्रवाह कोसळला तर सगळेच एकदम होते. वाकणे तरंगलांबीच्या वर्गाने वाढते, म्हणून १९५ मायक्रॉनचा किरण १०.६च्या किरणापेक्षा सुमारे ३४० पट वाकतो. ११९ घेतला तरी सव्वाशे पट. क्षणभर प्रकाश गेला, गणक अडखळला, आणि परत आला तेव्हा एक किंवा दोन पूर्ण फेऱ्यांची चूक कायमची बसली.

नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर ही चूक ओळखू येते, पण उशिरा. घनतेचा आलेख नेहमीसारखा चढतो, सपाट होतो, मग मध्येच पायरी खाली पडल्यासारखा उभा तुटतो आणि खालच्या पातळीवर शांतपणे पुढे चालू राहतो. प्रयोग संपतो, प्लाझ्मा विझतो, पात्र रिकामे. घनता शून्यावर यायला हवी. आलेख मात्र शून्याखाली जाऊन थांबतो, उणे घनता दाखवत. जेटवर ही एक पायरी म्हणजे दर चौरस मीटरला ११.४ गुणिले एकावर अठरा शून्ये. तीन मीटर वाटेवर पसरवली तर सरासरी घनतेत साधारण दहा टक्क्यांच्या घरातली चूक. प्रयोगानंतर माणूस बसून ती दुरुस्त करू शकतो. किती पायऱ्या सुटल्या ते पाहून आलेख वर उचलायचा. पण नियंत्रकाला नंतरची दुरुस्ती उपयोगाची नाही. त्याला घनता अचानक कमी झाल्याचे दिसते, तो वायूची झडप उघडतो, आणि मुळात भरपूर घनता असलेल्या प्लाझ्मात आणखी वायू ओततो.

आणि जास्त वायू ओतणे निरुपद्रवी नसते. १९८८ साली अनेक यंत्रांच्या नोंदी एकत्र करून एक मर्यादा मांडली गेली : प्लाझ्मातला प्रवाह मेगॅम्पियरमध्ये घ्या, त्याला प्लाझ्माच्या त्रिज्येच्या वर्गाने आणि पायने भागा, की कमाल घनता मिळते. इटरसाठी १५ मेगॅम्पियर आणि २ मीटर धरले की उत्तर येते, दर घनमीटरला एकावर वीस शून्ये या एककात, सुमारे १.२. त्यापलीकडे प्लाझ्मा कोसळण्याचा धोका. ही मर्यादा ज्या घनतेविषयी आहे ती वाटेवरची सरासरी घनता, म्हणजे इंटरफेरोमीटर जे देतो तेच. गाभ्यातली घनता नव्हे, काठावरचीही नव्हे. खरी मर्यादा काठावरच्या घनतेची आहे, सरासरी केवळ हाताशी होती म्हणून सूत्रात आली, असे म्हणणारा एक मोठा वर्ग आहे. तो वेगळा विषय. पण व्यवहारात यंत्र चालवणारा माणूस सरासरीच पाहतो, मर्यादेच्या शक्य तितके जवळ जाऊ पाहतो, आणि त्याच वेळी गणकाने एक फेरी गमावली तर त्याच्या हातात काही उरत नाही.

म्हणून दोन चुकांची प्रत वेगळी आहे. कंपामुळे येणारी चूक सतत असते, लहानमोठी असते, पण ती मोजता येते आणि वजा करता येते. हरवलेल्या फ्रिंजची चूक क्वचित येते, पण आली की मागमूस न ठेवता बसते. दूर-अवरक्ताने पहिली चूक टाळली आणि दुसरी पत्करली. शांत प्लाझ्मात दूर-अवरक्ताचा आलेख आजही बघत राहावा इतका स्वच्छ असतो, आणि जेटने १९८३ ते २०२३ अशी चाळीस वर्षे त्यावरच काढली, हे दुसऱ्या बाजूने मान्य करायला हवे. पण उष्णता ओतलेला, गोळ्या झाडलेला, काठावर स्फोट होणारा प्लाझ्मा शांत नसतो, आणि भट्टीला लागणारा प्लाझ्मा तोच आहे.

यंत्राच्या आकाराचाही यात वाटा आहे आणि तो अनेकदा विसरला जातो. गांधीनगरच्या आदित्य टोकामाकचे उदाहरण घ्या. १९८९ साली सुरू झालेले, पाव मीटर त्रिज्येच्या प्लाझ्माचे छोटे यंत्र. तिथे वाट अर्धा मीटर आणि घनता वरच्या एककाच्या पाचव्या हिश्श्याइतकी धरली, तर दहा मायक्रॉनवर फेज सतरा अंश सरकेल. सतरा अंशांसाठी दोन रंगांचा खटाटोप कोण करणार? तिथे १०० गिगाहर्ट्झचा मायक्रोवेव्ह वापरला गेला, ज्यात त्याच प्लाझ्माच्या तेरा-चौदा फ्रिंज मिळतात. ते योग्यच होते. याउलट अल्काटर सी-मॉड लहान असूनही त्याची घनता इतरांच्या कैकपट, त्यामुळे तिथे १९९०च्या दशकात दहा मायक्रॉन आणि लाल अशी जोडी निवडली गेली. १९७०च्या दशकातले मत त्या काळच्या यंत्रांच्या मापाने बनले होते. यंत्रे मोठी होत गेली, मत मात्र बरीच वर्षे तेवढेच राहिले.

इटरच्या मापाने तोच हिशेब केला की चित्र उलटे होते. प्लाझ्माच्या वर्तुळाला स्पर्श करत जाणारी आडवी वाट आणि परतीची वाट मिळून ढोबळमानाने वीस-बावीस मीटर. १०.६ मायक्रॉनवर दहाएक फ्रिंज मिळतात, अगदी हव्या तितक्या. ११९वर त्याच वाटेने शंभराहून जास्त, आणि प्रत्येक हरवण्याची शक्यता वेगळी. छोट्या यंत्रात दहा मायक्रॉनचा जो दुबळेपणा होता, तो मोठ्या यंत्रात गुण झाला.

मधल्या काळात कंपाचा प्रश्न मुळातून सोडवणारा एक तिसरा मार्गही निघाला. १९८०च्या सुमारास सुचलेली आणि १९९०च्या दशकात नोव्होसिबिर्स्कमध्ये कार्बन डायऑक्साइड लेझरवर उतरवलेली ही रीत. लेझरचा प्रकाश एका विशेष स्फटिकातून नेला की त्यातला थोडा भाग निम्म्या तरंगलांबीचा, ५.३ मायक्रॉनचा होतो. दोन्ही एकमेकांत मिसळलेले, एकाच वाटेने प्लाझ्मातून जातात. पलीकडे दुसऱ्या स्फटिकात उरलेला १०.६ पुन्हा ५.३ केला जातो आणि दोन्ही ५.३ एकमेकांवर पडतात. आरसा हलल्याचा परिणाम दोघांवर नेमका सारखा, म्हणून तो प्रकाशातच वजा होतो; गणकाला करायला काही उरत नाही. प्लाझ्माचा परिणाम मात्र उरतो, तोही नुसत्या १०.६च्या दीडपट. रूपांतर होणारा प्रकाश अगदी थोडा, ही अडचण. जपानच्या एलएचडीवर आणि जर्मनीतल्या वेंडेलश्टाइन ७-एक्सवर ही रीत चालवली गेली आहे. हे दोन्ही स्टेलरेटर आहेत, म्हणजे प्लाझ्मातल्या प्रवाहावर न विसंबता फक्त बाहेरच्या वेटोळ्यांनी प्लाझ्मा कोंडणारी यंत्रे, आणि त्यांचे प्रयोग लांब चालतात. तासभर फ्रिंज मोजत बसण्यापेक्षा अशी रीत तिथे सोयीची.

आता ध्रुवणाचा, म्हणजे प्रकाशलहर कोणत्या पातळीत दोलते त्याचा, धागा. चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने जाणाऱ्या प्रकाशाच्या ध्रुवणाची पातळी फिरते, हे १८४५पासून माहीत आहे. टोकामाकमध्ये ते आधी वापरले गेले ते घनतेसाठी नव्हे. १९७० आणि १९८०च्या दशकांत टीएफआर आणि जर्मनीतल्या युलिषच्या टेक्स्टरवर उभ्या किरणांच्या फिरण्यावरून प्लाझ्मातला प्रवाह कसा वाटला गेला आहे ते शोधले गेले. त्यात घनता माहीत असायची आणि क्षेत्र शोधायचे. इटरमध्ये हा हिशेब उलटा केला आहे. आडव्या वाटेवरचे मुख्य क्षेत्र बाहेरच्या वेटोळ्यांचे, म्हणून चांगले माहीत; मग फिरण्यावरून घनता काढायची. जपानमधल्या जेटी-६०यूने स्पर्शरेषेवरच्या कार्बन डायऑक्साइड किरणाने हे करून दाखवले होते.

मेख अशी की १०.६ मायक्रॉनवर इटरच्या पूर्ण घनतेला ध्रुवण फिरते ते अठरा-वीस अंश. अर्धी फेरीसुद्धा कधी होत नाही. म्हणजे इथे मिनिटे विसरून तास मोजायचा प्रश्नच नाही; प्रकाश गेला, परत आला, की कोन लगेच खरा. इंटरफेरोमीटर बारीक आकडा देतो आणि ध्रुवण ठोकळ आकडा; फ्रिंज हरवली की ठोकळ आकडा सांगतो किती हरवल्या. ११९ मायक्रॉनवर तोच कोन सव्वाशे पट झाला असता आणि पुन्हा फेऱ्या मोजाव्या लागल्या असत्या. इटरमध्ये दूर-अवरक्त बाद झालेला नाही; प्रवाहाच्या वाटपासाठीची वेगळी यंत्रणा त्याच तरंगलांबीवर आखलेली आहे, आणि ते काम त्याला शोभते. घनतेच्या नियंत्रणातून मात्र तो बाहेर गेला.

जोडीला लाल किरण का नाही, याचे कारण आरशांत आहे. इटरच्या पात्रातले पहिले आरसे प्लाझ्मासमोर उघडे राहणार. त्यांच्यावर थर साचेल, पृष्ठभाग झिजेल. खडबडीत झालेला आरसा ०.६ मायक्रॉनला निकामी ठरतो, पाच मायक्रॉनला बराच काळ चालतो. म्हणून आराखड्यात सुरुवातीला ५.४२ मायक्रॉनचा कार्बन मोनॉक्साइड लेझर होता. नंतरच्या चाचणीयंत्रात ५.२२ मायक्रॉनचा क्वांटम कॅस्केड लेझर बसवला गेला. पाच आणि दहा जवळचे आहेत, त्यामुळे वजाबाकीत प्लाझ्माच्या खुणेचाही सुमारे पाव हिस्सा जातो. परवडणारी किंमत आहे.

हे पूर्ण मापाचे चाचणीयंत्र डी-थ्री-डीवर बसवून २०१८च्या सुमारास त्याचे निष्कर्ष मांडले गेले. ध्रुवणाचा अगदी लहान कोनही ओळखता आला. किरण आरशावरून भरकटू नये म्हणून वाटेतला आरसा सतत सूक्ष्म कोनात फिरवणारी स्वयंचलित यंत्रणा लावली होती. तिच्यामुळे किरण दीर्घकाळ जागेवर राहिला. इटरमध्ये हे जास्तच लागेल, कारण लेझर किरणोत्सर्गापासून दूर, वेगळ्या इमारतीत, आणि जाण्यायेण्याची वाट शंभर मीटरहून लांब. एवढ्या हवेतली आर्द्रता बदलली तर दोन रंगांवर तिचा परिणाम सारखा होत नाही, आणि वजाबाकीत तो घनतेसारखा दिसतो.

एक दुरुस्ती मात्र जुन्या यंत्रांना करावी लागली नव्हती. इलेक्ट्रॉन फार तापले की सापेक्षतेमुळे जड झाल्यासारखे वागतात आणि प्रकाशाला कमी दिसतात. २५ हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट तापमानाला हा फरक सात टक्क्यांवर जातो. तेवढी घनता कमी मोजली जाईल. ध्रुवणाचीही स्वतःची अशीच दुरुस्ती आहे. ती करायला तापमान दुसऱ्या उपकरणाकडून घ्यावे लागते, आणि नियंत्रकाला ती त्याच क्षणी हवी असते. २०२४ साली इटरचे वेळापत्रक बदलले आणि संशोधनाचे प्रयोग २०३४वर गेले. तोवर ही दुरुस्ती नियंत्रकाच्या आत करायची की बाहेर, यावर आखणी करणाऱ्यांना भरपूर वेळ आहे.